शेठजींच्या गच्चीवरचं कारंजं

माझ्या कामाबद्दल कोणी वाईट बोललं तर मी ते विसरत नाही. कोण काय चांगलं बोललं ते विसरतो, आणि त्यावरून बायको मला टोमणे मारते. पण वाईट बोललेलं मला शब्दाला शब्द पाठ असतं. त्या वेळी तिथे किती माणसं बसली होती, तेही. नागपूरच्या महाल भागातल्या त्या साडीच्या दुकानात त्या दिवशी नऊ माणसं होती.

मी एसीच्या देखभालीचं काम करतो. घरचे एसी नाही. दुकानं, दवाखाने, हॉटेलं, कोचिंग क्लास अशा जागांचे मोठे. वर्षाचा करार करायचा, ठरलेल्या वेळी जायचं, फिल्टर काढून धुवायचे, गच्चीवरची मशीन साफ करायची, पाणी वाहून जायची नळी मोकळी करायची, ढिल्या वायरी आवळायच्या, मशीन किती करंट खाते ते मोजायचं आणि निघायचं. या धंद्याची एकच अडचण आहे. काम चांगलं झालं तर काहीच होत नाही. शिंप्याकडे गेलं तर कपडा हातात येतो, डॉक्टरकडे गेलं तर ताप उतरतो. माझ्याकडे जे बिघडणार होतं ते बिघडत नाही, आणि न बिघडलेली गोष्ट गिऱ्हाइकाला दाखवणार कशी?

मी काही कॉलेजात जाऊन हे शिकलो नाही. होळी झाली की नागपुरात घराघरांतून कूलर बाहेर निघतात, तेव्हा सायकलच्या मागे खसचं पोतं बांधून मी गल्लोगल्ली फिरायचो. कूलरच्या ताट्या काढायच्या, जुनी कुजलेली खस फेकायची, नवी भरायची, पंप चालू करून दाखवायचा. पाणी ताटीवरून खाली उतरलं आणि खसचा वास खोलीत शिरला की म्हातारी माणसं डोळे मिटून घेत. तो वास मला आजही आवडतो. नंतर एका एसीच्या मिस्त्रीच्या मागे त्याची पेटी घेऊन दोन उन्हाळे हिंडलो, मग स्वतःची पेटी घेतली. आज माझ्याकडे दोन कायमची माणसं आहेत, आणि फोन घेऊन तारखा लावायचं काम बायको करते. माझ्यापेक्षा ती बरं करते, कारण ती फोनवर भांडत नाही.

या कामातली मजा फिल्टरमध्ये आहे. फिल्टर काढला की त्या जागेत वर्षभर काय चाललं ते कळतं. मिठाईच्या दुकानाचा फिल्टर चिकट असतो आणि त्याला मुंग्या लागतात. कन्हानकडे कोळशाचं काम करणाऱ्यांचं एक ऑफिस आहे, तिथला फिल्टर धुतला की पहिलं पाणी शाईसारखं निघतं. कोचिंग क्लासच्या फिल्टरमध्ये केस असतात. परीक्षा जवळ आली की जास्त असतात, असं मला तरी वाटतं. आणि साडीच्या दुकानाचा फिल्टर लग्नसराईत गुलाबी निघतो. लाल शालूंचे, गुलाबी साड्यांचे बारीक तंतू उडून उडून जाळीवर बसतात आणि त्याची मऊ गादी तयार होते. बारा वर्षं मी ती गुलाबी गादी झटकत आलो होतो, म्हणून मला ते दुकान जरा जवळचं होतं. मालकाला मात्र हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने करारात आणखी ओढाताण केली असती.

या मालकाशी, म्हणजे शेठजींशी, कराराची बैठक होळीनंतरच्या आठवड्यात, दुपारी, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर व्हायची. घासाघीस व्हायची ती फेऱ्यांवर, म्हणजे वर्षातून मी किती वेळा येणार यावर. मी सहा म्हणायचो, शेठजी दोन म्हणायचे. मी उठायचं नाटक करायचो, ते चहा मागवायचे. मग ते तीन म्हणत, मी पाच म्हणे, आणि कप खाली ठेवताना चारवर गाडी थांबायची. बारा वर्षं दरवेळी चारच. सरळ चार म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मग त्या दुपारी दोघांनी करायचं काय? मी आयुष्यात खूप जणांशी भावावरून भांडलो, पण एवढा तोडीस तोड माणूस दुसरा भेटला नाही. त्यांनी गिऱ्हाइकासमोर साडी उलगडावी आणि मी करार उलगडावा, असा तो प्रकार होता.

यंदा बसलो, चहा आला. मी 'सहा' म्हणायला तोंड उघडलं, तोच शेठजी म्हणाले, "मिस्त्री, औंदा करार नको."

मला वाटलं हा नवा डाव आहे. म्हटलं, "काहून?"

"काहून म्हणजे? वर्षातून चार डाव येतो, पाणी मारतो अन् चालला जातो. पाणी तं मीबी मारू शकतो."

दुकानात गिऱ्हाइकं होती. ती हसली. मावशीसुद्धा पदराआडून हसल्या. या मावशी कोणाच्याच मावशी नाहीत; तीस वर्षांपासून त्या दुकानात साडी स्वतःच्या अंगावर लावून पदर कसा दिसेल ते दाखवतात, आणि शेठजींसकट सगळे त्यांना मावशी म्हणतात.

माझं डोकं लवकर तापतं. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. आमच्याकडे कोणाच्या दुकानात चहा अर्धा सोडणं म्हणजे काय, ते शेठजींना कळलं, कारण त्यांचं हसू जरा कमी झालं. "मंग मारा न पाणी, पोटभर मारा," असं म्हणून मी पायऱ्या उतरलो आणि स्कूटर चालू केली. चौकापर्यंत गेल्यावर खरं उत्तर सुचलं. स्कूटर वळवली, परत आलो, दारातूनच ओरडलो, "अन् तुमी तरी काय करता शेठजी? घडी उलगडता अन् परत घडी घालता!" आणि पुन्हा निघालो. या वेळी कोणी हसलं नाही. पण माझी फजिती ऐकलेल्यांपैकी दोघीजणी तोवर निघून गेल्या होत्या, त्यामुळे हिशेब बरोबर झाला नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "परत जाऊन बोलून आले? अन् स्कूटर चालू ठेवून?"

"हो."

"धन्य हाय तुमची," ती म्हणाली आणि डायरीतून दुकानाचं पान फाडायला लागली. मी तिला थांबवलं. का थांबवलं ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

करार जाणं हे धंद्यात होतंच. एक गेला, दुसरा आला. पण ते वाक्य गेलं नाही. पंधरा दिवसांनी एका नव्या कोचिंग क्लासमध्ये बोलणी करायला गेलो. तिथल्या संचालक मॅडम मला बघून म्हणाल्या, "अरे, तुम्हीच ना ते? साडीच्या दुकानातले पाणी मारणारे?" त्या नऊ जणांतल्या त्या एक. हसून बोलल्या, मनात काही नव्हतं. पण मी पाच फेऱ्या मागत होतो आणि त्या म्हणाल्या, "पाणीच मारायचं तर तीन पुरे." तीनवर करार झाला. बाहेर आल्यावर मी स्कूटरच्या सीटवर एवढ्या जोराने हात मारला की शेजारचा पानवाला म्हणाला, "भाऊ, स्कूटरचा काय गुन्हा?"

तेव्हा मी ठरवलं. त्या माणसाने हे वाक्य परत घेतलं पाहिजे. त्याच गादीवर, मावशींसमोर, लोकांसमोर. बाकी मला काही नको होतं.

दुकानासमोरच्या गल्लीत दातांचा एक दवाखाना आहे, त्याची देखभाल माझ्याकडे आहे. एप्रिलच्या शेवटी तिथल्या गच्चीवर काम करत होतो. मान वर केली तर पलीकडे शेठजींची गच्ची, आणि तिथे कारंजं! माझ्या मशीनवर. मी अजून त्यांना माझ्याच म्हणतो. तीन मोठ्या मशीन एका ओळीत, चारही कोपऱ्यांत काळ्या नळ्या उभ्या केलेल्या, त्यांवर फिरते फवारे, आणि भर उन्हात पाण्याचे तुषार त्या मशीनवर पडत होते. इंद्रधनुष्यसुद्धा पडलं होतं. दिसायला इतकं छान की दवाखान्यातली नर्स मुद्दाम बघायला वर आली.

फवारे मी लगेच ओळखले. शेठजींची सासुरवाडी काटोलची, संत्र्याच्या बागेवाली. तिथे झाडांच्या बुंध्याशी हेच फवारे लावतात. जावईबापूंनी बागेतले फवारे आणून एसीला लावले होते! आम्ही नागपूरकर असं करू शकतो. इथे लहानपणापासून माणसाला एकच माहीत असतं, की पाणी टाकलं की थंड होतं. खसवर टाका, अंगणात टाका, गच्चीवर टाका. मग एसी तापला तर त्याच्यावर का नाही टाकायचं?

आणि खरं म्हणजे टाकलं की पहिले काही दिवस तो खूशही होतो. गोची पुढे आहे. ते पाणी बोअरचं होतं. महालातलं बोअरचं पाणी किती जड, ते पाणी तापवायच्या पातेल्यात आतून बसलेला पांढरा थर बघून कोणालाही कळेल. मशीनच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, हजारो पट्ट्या, त्यांच्या मधून हवा वाहते आणि गरमी बाहेर पडते. तापलेल्या जाळीवर जड पाणी दिवसभर पडलं की पाणी उडून जातं आणि चुना तिथेच राहतो. रोज थोडा थोडा. मग हवेची वाट बंद होते.

मला हे सगळं तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. जाऊन सांगायला हवं होतं. गेलोही एकदा, दुकानाच्या पायरीपर्यंत. शेठजींनी आतूनच हाक मारली, "काय गा मिस्त्री, गर्मी होऊन राहिली का? ये, बस एसीत थोडा वेळ." मी आल्या पावली परत फिरलो.

त्यानंतर मी रोज महालातून जायला लागलो. गल्लीत स्कूटर बंद करून मशीनचा आवाज ऐकायचा. निरोगी मशीन एका सुरात गुणगुणते. या मशीनचा आवाज दर आठवड्याला जड होत चालला होता, डोक्यावर ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखा. बायकोच्या हे लक्षात आलं. जेवताना म्हणाली, "धरमपेठेतून घरी यायले महाल लागते का?"

"तिकडे काम राहते."

"मले मालूम हाय तुमचं काम. मशीन बंद कधी पडते ते पाहून राहिले तुमी. शेठजीनं म्हटलं ते म्हटलं, त्या मशीननं तुमचं काय बिघडवलं?"

मी वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. मीठ बरोबर होतं.

मेच्या मधल्या आठवड्यात, लग्नाच्या ऐन गर्दीत, सकाळी अकरा वाजता फोन आला. मावशी होत्या. "मिस्त्री, मी मावशी बोलून राहिली. शेठनं सांगतलं नाही, मीच करून राहिली फोन. दोन मशीन बंद पडल्या. शालू पाहायले दोन लग्नघरं आली हायत. घामानं साडी अंगाले चिकटून राहिली वं माय, पदर दाखवू कसा?"

मावशींचं वाईट वाटलं. पण मी म्हटलं, "मावशी, शेठजीले सांगा फोन कराले."

पाच मिनिटं गेली. मी फोनकडे बघत बसलो. बायको माझ्याकडे बघत बसली. मग शेठजींचा फोन आला. नमस्कार नाही, मशीनचं नाव नाही. म्हणाले, "मिस्त्री, तुया चहा राहिला होता अर्धा."

तोडीस तोड माणूस, म्हटलं ना? मी पेटी उचलली. माझी दोन्ही माणसं कन्हानला गेली होती, म्हणून एकटाच निघालो.

दुकानात पंखे आणले होते, आणि त्या पंख्यांनी साड्या उडत होत्या. शेठजी गादीवर कपाळ पुसत होते. मी दारात उभं राहून अट सांगितली. "दोन गोष्टी. एक, काम होईतोवर तुमी माह्यासोबत गच्चीवर राहायचं. दोन, खाली येऊन इथंच, मावशीसमोर, ते पाणी मारायचं बोलणं वापस घ्यायचं."

"पह्यले थंड कर."

"पह्यले हो म्हणा."

"गिऱ्हाईक बसलं हाय बे, गच्चीवर कसा येऊ?"

"मंग मी चाललो." मी पेटी खाली ठेवलीच नव्हती.

लग्नघरातल्या एक काकू मध्येच म्हणाल्या, "शेठजी, जा न वर. आमी पळून नाही जाऊन राहिलो, पण इथं मरू." शेठजींनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून मावशींनी त्यांच्या खिशात कांदा टाकला आणि आम्ही जिना चढलो.

पहिल्या गोष्टीला ते तयार झाले होते. दुसऱ्याबद्दल जिन्यात फक्त "पाहू" म्हणाले.

गच्चीवर ऊन असं होतं की पेटीची कडी हाताला पोळत होती. मी मेन स्विच बंद केला, बोअरचा नळ बंद केला, फवारे उपटून बाजूला ठेवले आणि शेठजींना मशीनच्या मागे नेलं. जाळी चुना लावलेल्या भिंतीसारखी पांढरी झाली होती. "हात लावा," म्हटलं. त्यांनी नखाने खरवडलं. चुन्याचा तुकडा निघाला. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला, जसं ते साडीची जर पाहतात.

"हे तुमचं कारंजं," मी म्हटलं. "काटोलच्या झाडाले मुळं राहतात शेठजी, माती राहते. मशीनले काय हाय?" आणि मग दोन महिने साठवलेलं सगळं मी बोललो. पाणी मारणं काय असतं, धुणं काय असतं. मी वरचं झाकण उघडून आतून बाहेर पाणी सोडतो, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. बाहेरून मारलं तर तो आत रुततो. मी नळाचंच पाणी वापरतो, बोअरचं कधीच नाही. आणि एवढं सगळं करणाऱ्याला तुम्ही नऊ माणसांसमोर पाणी मारणारा म्हणता. आवाज चढला होता. दवाखान्याच्या गच्चीवर नर्स येऊन उभी राहिली होती.

शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "पण तूच तं शिकवलं."

"मी?"

"पह्यल्या वर्षी. बारा वर्षं झाली. मे महिना होता, मशीन अशीच बंद पडली होती. तू नवा होता. आला, पाहलं, खालून बादल्या मागवल्या अन् सहा बादल्या पाणी ओतलं मशीनवर. याच बोअरचं. अन् मशीन चालू झाली! मीच दिल्या होत्या बादल्या वर. तवा मी ठरवलं, हा माणूस ठेवाचा. बारा वर्षं माह्या डोक्यात तेच हाय, की पाणी मारलं की चालते."

मी खाली बसलो. पाण्याच्या टाकीची सावली होती तिथे.

खरं होतं. तो माझा पहिला मोठा करार. खसचं पोतं सोडून फार दिवस झाले नव्हते. मशीन का बंद पडली ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. घाबरलो होतो. मग कूलरवाल्याला जे येतं ते केलं, पाणी ओतलं. मशीन चालू झाल्यावर खाली आलो तेव्हा सगळे माझ्याकडे जादूगाराकडे पाहावं तसे पाहत होते आणि मी तसाच चेहरा करून चहा प्यालो. पुढे काम शिकलो, ते किती चुकीचं होतं ते समजलं, आणि सोयीने विसरलो. माझ्याविषयी वाईट बोललेलं मला पाठ असतं, असं मी वर म्हटलं आहे. माझी स्वतःची चूक मात्र शेठजींना पाठ होती.

पहिल्यांदा राग आला, कारण मला पहिल्यांदा रागच येतो. मग त्या पांढऱ्या जाळीकडे पाहिलं, उपटलेल्या फवाऱ्यांकडे पाहिलं, खिशात कांदा घेऊन उभ्या असलेल्या शेठजींकडे पाहिलं आणि हसू आलं. ते थांबेना. शेठजींनाही आलं. नर्स पलीकडून ओरडली, "काय झालं हो?" आम्ही दोघांनी हात हलवून काही नाही म्हटलं.

मग काम केलं. जाळी धुवायचं औषध पातळ करून लावलं, मुरू दिलं, मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने हळूहळू ओढलं, वाकलेल्या पट्ट्या कंगव्याने सरळ केल्या आणि आतून बाहेर नळाचं पाणी सोडलं. पाण्याची नळी शेठजींनी धरली होती. पहिल्यांदा त्यांनी ती माझ्याच तोंडावर धरली. अशा उन्हात ती चूक होती की सोय, ते मी विचारलं नाही. तीन मशीनला तीन तास लागले. सगळा चुना निघाला नाही, तो निघणारही नाही; पण हवा जाऊ लागली. चालू केल्या. मी डोळे मिटून ऐकलं. एक सूर. मग करंट मोजायचा मीटर लावून शेठजींना मशीनवर छापलेल्या आकड्यांशेजारी आताचे आकडे दाखवले.

"हे कमी हाय. कमी चांगलं का जास्त चांगलं?"

"कमी."

"म्हणजे आमच्या धंद्याच्या उलटं," ते म्हणाले.

जिना उतरताना शेवटची घासाघीस झाली. मधल्या पायरीवर शेठजी थांबले. "ते वापस घ्यायचं राहू दे न आता. बादली तुयीच होती."

"बादली माही होती, पण बोललो का मी कोणाले? तुमी बोलले."

"मंग तूबी बोल. मी माहं वापस घेतो, तू तुयी बादली सांग. बराबरीत."

"पह्यले तुमी."

"पह्यले तू."

"शेठजी, मशीनचा स्विच अजून माह्या हातात हाय."

"बरं गा बाप्पा, पह्यले मी."

खाली दुकान गार होत होतं. पंखे बंद केले होते, मावशींनी चेहरा धुऊन नवा शालू खांद्यावर घेतला होता. शेठजी गादीवर बसले, घसा साफ केला आणि साडीच्या घडीकडे बघत पुटपुटले, "हा मिस्त्री पाणी मारत नाही. धुते. त्यात लय फरक राहते."

मावशी म्हणाल्या, "शेठ, त्या दिवशी एवढ्याच आवाजात बोलले होते का?"

लग्नघरातल्या काकूंना काही माहीत नव्हतं, पण त्यांनी मान वर केली. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि शालूचा भाव सांगतात त्या आवाजात म्हणाले, "हा माणूस पाणी मारनारा नाही! मी चुकलो होतो. मशीन याच्यामुळं बारा वर्षं चालली अन् माह्या फवाऱ्यानं दोन महिन्यात बसली. झालं समाधान?"

झालं होतं. इतकं झालं होतं की माझी पाळी आहे हे विसरून मी चहाकडे हात नेला.

"मिस्त्री," शेठजी म्हणाले, "बादली."

मी कपात बघत म्हटलं, "पहिल्या वर्षी मीच पाणी ओतलं होतं. मले तवा येत नव्हतं."

"ऐकू नाही आलं," मावशी म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. सगळे हसले, पण या वेळचं हसणं मला टोचलं नाही. काकू म्हणाल्या, "येत नव्हतं तरी चालू केली न? मंग हुशारच हाय." मी चहा पूर्ण प्यालो.

मग करार. मी सात म्हटलं, शेठजी तीन म्हणाले. बराच वेळ गेला, दुसरा चहा आला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा गाडी चारच्या पुढे गेली, पाचवर थांबली. अट एकच, मेमधल्या फेरीला शेठजींनी स्वतः गच्चीवर यायचं. फवारे काटोलला परत गेले. डायरीतलं पान फाडायचं राहिलं होतं ते बरं झालं, असं बायको म्हणाली, आणि वरणात मीठ बरोबर असल्याचं मी न विचारता कबूल केलं.

आता कोणी म्हणेल, मग राग कशाचा राहिला? राहिला आहे थोडा. शेठजी नऊ माणसांसमोर बोलले होते. परत घेतलं तेव्हा मी मोजली, सहा होती, आणि त्यांतल्या मावशी सोडल्या तर बाकी सगळी नवीनच. म्हणजे जुन्या नऊपैकी आठ जणांच्या डोक्यात मी अजून पाणी मारणाराच आहे. कोचिंग क्लासच्या मॅडमचं काम मी केलं. त्यांना गच्चीवर नेलं, आतून बाहेर धुऊन दाखवलं आणि तीनच्या चार फेऱ्या करून घेतल्या. आठांतल्या त्या एक झाल्या. उरलेल्या सात कोण, ते मावशींना माहीत आहे. पुढच्या फेरीला गेलो की यादी मागणार आहे.